दंड भरून मोकळं व्हायचं नव्हतं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मी अलीकडे इतक्या नातेवाइकांकडून ऐकलंय की आता कुणी नुसतं "शहाण्याने" म्हणलं तरी मला पुढचं आपोआप ऐकू येतं. पण दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घातल्याची केस अंगावर आली की दंड भरायलाही तीच पायरी चढावी लागते त्याचं काय? पोलीस केस करतात, दंड कोर्ट ठोठावतं, आणि तोही तुम्ही "गुन्हा कबूल" म्हणल्यावर किंवा गुन्हा सिद्ध झाल्यावर. म्हणजे "भरून टाक आणि मोकळा हो" म्हणणारे सगळे काका-मामा प्रत्यक्षात सांगत असतात की जा आणि कबूल कर, फक्त ते तसं म्हणत नाहीत.

पिंट्या म्हणजे माझा मावसभाऊ, वय 26, तलाठी भरतीची तयारी करणारा, सकाळी सातला अभ्यासिकेत खिडकीजवळची खुर्ची पकडणाऱ्यांपैकी. मित्राची वरात होती, दोन बिअर घेतल्या हे तो स्वतःच सांगतो, त्याला सोवळं ठरवायला मी हे लिहीत नाहीये. डीजे बंद करण्यावरून वाद झाला, ढकलाढकली झाली, पोलिसांची गाडी आली तशी ज्यांनी खरा दंगा केला ती पोरं उसातून पसार, आणि हा पठ्ठ्या नवरदेवाच्या चुलत्यांना रिक्षात बसवत होता म्हणून जागेवर सापडला. ठाण्यात नेलं, तिथून सरकारी दवाखान्यात मेडिकल, रक्त काढलं, पहाटे नोटीस देऊन सोडलं. सोडताना तिथल्या एकाने अगदी प्रेमाने सांगितलं, "समन्स आलं की कोर्टात जायचं, कबूल म्हणायचं, पाच-सातशे दंड होतो, विषय संपला." मावशीला एवढं हायसं वाटलं की तिने पैसे देवाजवळ काढूनच ठेवले.

मी पुण्यात नोकरी करते, सॉफ्टवेअर टेस्टिंग, कायद्याशी काडीचा संबंध नाही, पण घरात माझी ख्याती कागद वाचणारी म्हणून आहे त्यामुळे सगळ्यांची विम्याची, सातबाऱ्याची, सोसायटीची कागदं शेवटी माझ्या व्हॉट्सअॅपवर येतात. तशी पिंट्याची पण आली. फिर्यादीत लिहिलेलं, सदर इसम हा दारूच्या नशेत झिंगत, मोठमोठ्याने आरडाओरडा करत सार्वजनिक रोडवर बरळत असताना मिळून आला, त्याच्या तोंडाचा आंबट उग्र वास येत होता, डोळे लालसर होते व चालताना झोकांड्या जात होत्या. पिंट्याचा फोन, "ताई, माझ्याच झोकांड्या जात होत्या तर मी नव्वद किलोच्या माणसाला रिक्षात कसा चढवला?" (पुढे कोर्टात बाकावर बसून बसून शेजारच्यांची कागदं डोकावून वाचली, तर प्रत्येकाचे डोळे लालसर, प्रत्येकाच्या तोंडाला आंबट उग्र वास आणि प्रत्येकजण बरळतच मिळून आलेला, नाव आणि रस्ता तेवढा वेगळा.)

मावशीच्या गल्लीत एक वकीलबाई राहतात, तालुका कोर्टात वीसेक वर्षं काढलेल्या. त्यांनी कागदं चाळली आणि पहिला प्रश्न पिंट्याला विचारला की भरतीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नोकरीआधी स्वतःची माहिती खरी म्हणून लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, काय लिहिणार आहेस? तिथे विचारतात ना, तुम्हाला कधी अटक झाली का, खटला झाला का, दंड झाला का, दोषी ठरलात का. पाचशे रुपये भरलेस की शेवटच्या दोन्हीपुढे "होय" आलं. आणि लपवायचं तर त्याहून वाईट, अवतार सिंग केसमध्ये 2016 ला सुप्रीम कोर्टाने हे सगळं नीट मांडलंय, किरकोळ जुनी भानगड असेल तर नोकरी देणारा ती पोटात घालू शकतो, पण माहिती दडवली हा वेगळा मुद्दा होतो. वर कबुलीवर शिक्षा झाली की अपीलसुद्धा जवळपास बंद, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदेशीर आहे एवढंच म्हणता येतं, "मी केलंच नव्हतं" म्हणता येत नाही. मावशी म्हणाली, "अहो पण ते तर म्हणाले विषय संपला." वकीलबाई म्हणाल्या, "त्यांचा संपला."

आता कलमांचं थोडं. आपल्याकडे या प्रकाराला बहुतेक वेळा 1949 च्या दारूबंदी कायद्याचं कलम 85 लावतात, कधी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 110 सह 117. केंद्राच्या कायद्यातही कलम आहेच, जुन्या भादंविमध्ये (भारतीय दंड विधानात) 510 होतं, त्यात दंड किती तर जास्तीत जास्त 10 रुपये! इंग्रजांच्या काळातला आकडा तसाच राहिला आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 355 आलं तेव्हा 1000 झाला, किंवा चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. दारूबंदी कायदा म्हणलं की लोक हसतात, दुकानांच्या रांगा बघता हसणारच, पण कायद्याने महाराष्ट्रात प्यायला आजही परमिट लागतं, विदेशी दारूचं एका दिवसाचं 5 रुपयांना मिळतं, आणि ते ज्याच्या खिशात आहे असा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. त्यामुळे "मी प्यायलोय पण गोंधळ नाही घातला" हा बचाव आपण समजतो तेवढा साधा नसतो, म्हणून वकिलाशिवाय तोंड उघडू नका.

एक वेगळं सांगते. गाडी चालवताना सापडलात तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. ते मोटार वाहन कायद्याचं 185, मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, पहिल्यांदा 10,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि माझ्याकडून सहानुभूती शून्य. गोव्याचंही वेगळं, तिथे 2019 ला बीचसारख्या पर्यटनाच्या जागी उघड्यावर पिताना सापडलं तर एकट्याला 2000 आणि ग्रुपला 10,000 दंड ठरला होता, पुढे तो आणखी वाढवला, त्यामुळे "गोव्यात तर काहीच नाही" म्हणणाऱ्या मित्राचा सल्ला पण घेऊ नका.

वकीलबाई जुन्या केसेस सांगायला लागल्या की रंगतात. मुंबईत 1951 साली आरटीओच्याच एका अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात माणसांना धडक दिली, तोंडाला वास होता, म्हणून दारूबंदीचा गुन्हा. तो म्हणाला मी टॉनिक घेतलं होतं. हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने 1954 ला ती रद्द केली, पेसिकाका केस म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणाले बंदी असलेली दारूच प्यायली हे सरकारने सिद्ध करायचं. झालं, सगळेच टॉनिक प्यायला लागले असणार (हा माझा अंदाज), कारण 1959 ला सरकारने कायदा दुरुस्त केला, रक्ततपासणीची पद्धत घातली आणि सांगितलं की रक्तात 0.05 टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं तर ते औषधाचं वगैरे होतं हे आरोपीने सिद्ध करायचं. नुसता वास, लाल डोळे यावर भागत नाही हे पुढे 1971 ला बचुभाई करियाणी केसमध्ये आलं, तिथे कोर्ट म्हणालं की वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, मोठ्या झालेल्या बाहुल्या यावरून दारू प्यायलाय असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्त-लघवी तपासा. "म्हणून," चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "याच्या रक्ताचं काय झालं ते आधी बघू."

तर रक्ताचा रिपोर्ट दोषारोपपत्राला जोडलेलाच नव्हता. त्यासाठी अर्ज करावा लागला.

पहिल्या तारखेला मी रजा टाकून गेले होते. छोट्या केसेसचा दिवस होता, बाहेर व्हरांड्यात तीसेक माणसं, बहुतेकांच्या पायात स्लीपर, शिपाई नाव पुकारायचा, माणूस आत जायचा, गुन्हा कबूल आहे का, हो साहेब, दंड अमुक, न भरल्यास इतके दिवस साधी कैद, पुढचा. कागद वाचून कुणी दाखवला असं मला तरी दिसलं नाही, म्हणजे विचारत होते पण उत्तर आधीच पाठ असायचं. मग सगळे नाझरच्या, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याच्या, खिडकीसमोर रांगेत, पावती घेतली की सुटल्यासारखं हसत बाहेर. खरं सांगू, मला पण वाटलं की भरावं आणि चहा प्यावा. पिंट्याचा नंबर आला, "कबूल नाही साहेब" म्हणाला, आवाज इतका बारीक की परत विचारलं. परत म्हणाला. न्यायाधीशांनी पहिल्यांदा कागदावरून मान वर केली, वकील आहे का विचारलं, आणि पुढची तारीख दिली. बस्स एवढंच, काही वीज कोसळली नाही.

त्यानंतरचं मात्र कंटाळवाणं आहे. साक्षीदार हजर नाही, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, हवालदार बंदोबस्ताला, साहेब रजेवर. पिंट्याची अभ्यासाची किती सकाळ त्या व्हरांड्यात गेली. वकीलबाईंनी ओळखीतली म्हणून कमी घेतली तरी फी दंडाच्या कितीतरी पट झाली, यावरून मावशीच्या घरात दर तारखेला वाद. पासपोर्टचं तर उलटंच आहे, कोर्टात केस चालू असेल तर त्यावरून अडवतात, कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि किरकोळ दंड भरून केस संपलेल्याला ती अडचण येत नाही, कारण शिक्षेवरून नाकारायचं तर गेल्या पाच वर्षांतली नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. त्यामुळे ज्याला पुढच्या महिन्यात दुबईला कामाला जायचंय त्याला मी लढ म्हणणार नाही. त्याचा हिशोब वेगळा.

पुराव्याच्या दिवशी आधी पंच आला. ठाण्याबाहेरच्या टपरीवाला. वकीलबाईंनी विचारलं तुम्ही वरातीच्या ठिकाणी होतात का, तो म्हणाला नाही, बोलावलं म्हणून टपरीवरून आलो आणि सही केली. मग हवालदार, त्यांनी फिर्यादीतलं वाक्य जवळपास जसंच्या तसं म्हणून दाखवलं, झोकांड्यांसकट. वाईट माणूस नव्हता हो तो, रात्रभर बंदोबस्त करून आलेला, डोळे त्याचेच लालसर. आणि मग डॉक्टर. मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे एक छापील पान, त्यात रकाने असतात, आणि डॉक्टरांनी त्या रात्री घाईत पण प्रामाणिकपणे भरले होते: श्वासाला अल्कोहोलचा वास आहे, चाल सरळ, बोलणं स्पष्ट, बाहुल्या नॉर्मल, आणि खाली शेरा, सेवन केले आहे परंतु अंमलाखाली नाही. फिर्यादीतली वेळ रात्री 11.40, तपासणीची 12.25. वकीलबाईंनी आवाज अजिबात न चढवता विचारलं, डॉक्टर, झोकांड्या खाणारा, बरळणारा माणूस पाऊण तासात सरळ चालायला आणि नीट बोलायला लागेल का? डॉक्टर म्हणाले, सहसा नाही. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसली होती का, कारण नियमाप्रमाणे तिथे अल्कोहोल लागता कामा नये? आठवत नाही. रक्ताचा सीए रिपोर्ट (केमिकल अॅनालायझरचा) तोवर आला होता, आकडा 0.05 च्या खाली. स्पिरिटचा मुद्दा लागलाच नाही मग.

वकीलबाईंनी दुसरी वाट पण तयार ठेवली होती हे सांगायला हवं, कारण प्रत्येकाच्या सर्टिफिकेटवर "चाल सरळ" नसणार. दोषी ठरवलंच तर 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली नुसती समज देऊन सोडा असा अर्ज करायचा, कोर्टाच्या मनावर असतं ते, पण मिळालं तर त्याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही. दंड भरणाऱ्या रांगेत हे कुणाला माहीत असेल असं वाटत नाही, आणि ते सांगणं कुणाचं काम आहे हेही मला कळलेलं नाही. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळू शकतो, पात्रता बघतात, पण कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, विचारायला काय जातंय.

निकाल दोन-अडीच पानांचा. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. मावशीला "संशयाचा" हा शब्द काही आवडला नाही, "म्हणजे अजून संशय आहेच की काय यांना", तिला वकीलबाईंनी समजावलं की निर्दोष म्हणजे निर्दोष.

साक्षांकन नमुन्यात पिंट्याला अजूनही "खटला झाला का" पुढे होय लिहावं लागणार, ते टळत नाही. त्याखाली निकालाची तारीख, केस नंबर आणि निर्दोष एवढं लिहायचं आणि सही शिक्क्याची नक्कल जोडायची. नकला जास्तीच्या काढून घ्या, झेरॉक्सवर सगळीकडे भागत नाही, आणि नकलेच्या अर्जावर केस नंबर चुकवू नका, पिंट्याच्या पुढच्या माणसाचा अर्ज तेवढ्यासाठी परत आला.