नऊ झाली, पाच हयात

रविवार. आजचा अख्खा दिवस नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या नादात गेला, भाजी आणायचीपण राहिली, शेवटी खिचडी टाकली. माणूस अमेरिकेतल्या ओहायोतला शेतकरी, तिथल्या सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे यादवी युद्धात लढलेला, घरात त्यांचा एक फोटो आणि त्यांच्या शौर्याच्या भरपूर गप्पा, बाकी काही नाही.

१८५० च्या जनगणनेत १४ वर्षांचा पोरगा म्हणून सापडले. त्याच्या मागचं बघायचं तर बोंब, कारण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बायकापोरं म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे. गंमत पुढे आहे, १८६० ला २४, १८७० ला ३२, १८८० ला ४१, म्हणजे गडी दहा वर्षांत आठ-नऊच वर्षांनी वाढतो! आडनावाचं स्पेलिंग तर तीनदा वेगळं, दारात आलेल्याने जसं ऐकलं तसं लिहिलं.

पण मी अडकले ती त्यांच्या बायकोपाशी. १८८० ला तिच्यापुढे 'घर सांभाळते' एवढंच. १८९० चे कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आगीत सापडले, भिजके उरले ते नंतर सरकारनेच नष्ट केले, सहा कोटींच्या वर लोकांपैकी जेमतेम सहा हजार नावं उरलीत. मग थेट १९००. त्यात बायकांसाठी रकाना, किती मुलं झाली, किती हयात. नऊ. पाच. चष्मा पुसून परत वाचलं.

नवरा गेल्यावर तिने विधवा पेन्शन मागितलेलं, ती फाईल नॅशनल आर्काइव्ह्जकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्याकडून मागवली होती, परवाच आली. लग्न झालं होतं हे पटवायला शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, वर घरच्या बायबलचं फाडलेलं पान. तिचं माहेरचं आडनाव तिथे पहिल्यांदा दिसलं. (आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत, पण पणजी कुठल्या घरातली विचारलं तर बाबा गप्प.)

त्या पानावर नऊही नावं आहेत. चौघांपुढे दुसरी तारीख. त्यातल्या दोन तारखांत चारच दिवसांचं अंतर, शाईपण एकच.

नवऱ्याला हाक मारली. तो ताट घेऊनच आला, उभ्याउभ्या वाचलं, मग ताट माझ्या कागदांवरच ठेवलं आणि बहिणीला फोन लावला.