शिलोंड्याच्या वाटेवरच्या वेली

बिबट्याच्या आशेने बोरिवलीच्या नॅशनल पार्कात येणाऱ्या मंडळींना वेली दिसतच नाहीत. कुणी दाखवल्याच तर सगळे माना वर करून पानं शोधतात. पानं मात्र उंचावर दुसऱ्याच झाडाच्या पानांत मिसळलेली असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निम्म्या वेलींची झडलेलीही असतात. खोड तेवढं हाताशी असतं, त्यामुळे वेल ओळखायची ती खालून.

फेब्रुवारीतल्या रविवारी बोरिवलीहून शिलोंड्याची वाट गाईडसोबत केली. ओढ्यात डबकी उरलेली, कारवीच्या नुसत्या काड्या, आणि चाळीस माणसं. चाळिसांचा घोळका म्हणजे ट्रेक नव्हे, वरात! पुढे गाईडदादा काय दाखवतात ते मागच्यांना कळेपर्यंत ते पुढच्या झाडाशी पोचलेले. दादा पार्कातल्याच पाड्यातले. पुस्तकी नावं कमी सांगत, पण हात नेमका खोडावर ठेवत.

गुळवेलीच्या खोडावर बारीक फोडांसारखे उंचवटे असतात. वरचा कागदी पापुद्रा सुटला की आत हिरवंगार. फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. कुणी वेल मधेच तोडली तरी वरचा तुकडा हीच मुळं जमिनीपर्यंत सोडून जगतो. कोविडनंतर ही वेल सगळ्यांच्या ओळखीची झाली आणि घोळक्यातून लगेच ‘थोडी घेऊ का?’ सुरू झालं. राष्ट्रीय उद्यानातून काडीही नेणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

वाघाटीला पानाच्या बुडाशी आकडेदार काट्यांची जोडी असते. शर्ट अडकला की माणूस पुढे हिसका देतो आणि आकडा आणखी रुततो. अर्धं पाऊल मागे यायचं, मग कापड सोडवायचं. हिचीच फळं आषाढीच्या सुमाराला बाजारात येतात. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गुंजेच्या शेंगा तडकून लाल-काळ्या बिया दिसत होत्या. सोनाराच्या जुन्या हिशेबात अशा 96 गुंजा म्हणजे एक तोळा. बी अतिशय विषारी, त्यामुळे लहान मुलाच्या हाती देऊ नये. पानाच्या टोकाचाच ताणा करून चढणारी कळलावी मात्र आता जमिनीखाली कंदात. ती बघायची तर श्रावण-भाद्रपदात यावं.

मग खाजकुइली आली आणि तासभर तिथेच गेला.

पान वालासारखं, तीन पर्णिकांचं. शेंगा घोसाने लटकलेल्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, बोटभर लांब, सोनेरी तपकिरी मखमल पांघरलेल्या. ही मखमल म्हणजेच खाज. पावसाळा संपताना जांभळी फुलं येतात तेव्हा ही वेल निरुपद्रवी वाटते. शेंग वाळली की लव सहज सुटते आणि वाऱ्यावर उडते, हात लावायचीही गरज नाही. दादांनी सगळ्यांना वाऱ्याकडे पाठ करून, वेल समोर राहील असं उभं केलं. तरी एका काकांनी फोटोसाठी शेंग बोटाने वळवलीच.

पुढे जे व्हायचं ते झालं. काका चोळायला लागले, तोच हात मानेला लावला, तिथेही आग. चोळल्याने लव आत रुतते आणि पसरते. कुणीतरी ॲलर्जीची गोळी पुढे केली. तिचा इथे फारसा उपयोग नाही, कारण लवेतलं म्युक्युनेन हे प्रथिनं तोडणारं विकर खाज उठवतं ते गोळी ज्याला अडवते त्या हिस्टामिनच्या वाटेने नव्हे. आधी लव उपटावी लागते: चिकटपट्टी त्वचेवर हलके दाबायची, सरळ वर उचलायची, दर वेळी नवा तुकडा घ्यायचा. त्यानंतरच साबण आणि गार पाणी. हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचे नाहीत. कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, नाहीतर सगळं घर खाजवत बसतं.

चिकटपट्टी चाळीस जणांत एकाकडेही नव्हती. दादांनी डबक्याकाठची ओली माती काकांच्या हातावर थापली, सुकेपर्यंत ठेवली आणि खपलीसारखी सोलून काढली. बरीच लव तिच्याबरोबर निघाली. मान राहिली ती राहिलीच. काका परतीच्या वाटेवर कॉलर धरून चालत होते.

आयोजकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीत टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि ‘ग्रुप फोटोसाठी पांढरा टी-शर्ट’ एवढं सगळं होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट नव्हता.