मी ‘हौदु’ कशाला म्हणालो होतो

जानेवारी 2024 मध्ये एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून माझं जवळजवळ ठरलंच होतं. पगाराचं बोलणं झालं होतं, बस चालवूनही दाखवली होती. राहिलं होतं फक्त पोलीस व्हेरिफिकेशन. ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, आणि अगदी मनापासून लिहिलं. आठवड्याभरात शाळेतून फोन आला. तुम्हाला शिक्षा झालेली आहे आणि तुम्ही ती लपवलीत.

केस 2022 च्या पावसाळ्यातली. पहाटे छोटा हत्तीत भाजी भरून बेळगावला निघालो होतो. रस्त्याकडेला उभ्या ट्रॅक्टरमागून एक मोटारसायकल आडवी आली. मी ब्रेक दाबला, तरी कोपरा लागलाच. त्या माणसाचा गुडघा आणि हात सोलवटला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. पोलिसांनी भारतीय दंड संहितेचं कलम 279 आणि 337 लावलं, म्हणजे हयगयीने गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत.

मग तारखा. प्रत्येक तारखेला एक भाडं बुडायचं. मार्च 2023 मध्ये कोर्ट ड्युटीवरचा पोलीस म्हणाला, “कशाला हेलपाटे मारतोस बा? दंड भर आणि मोकळा हो.” वकील मी दिलाच नव्हता. नाव पुकारलं, आत गेलो. वरून कन्नडमध्ये काहीतरी भराभर विचारलं गेलं. बाजारापुरतं कन्नड मला येतं, कोर्टातलं नाही. त्या सगळ्यात कानाला ओळखीचा वाटला तो एकच शब्द, ‘अपघात’. तो आपल्याकडेही तोच आणि त्यांच्याकडेही तोच. अपघात झाला होता हे खरंच होतं. मी म्हणालो, “हौदु,” म्हणजे हो. एका कागदावर सही झाली. एक हजार आणि पाचशे, मिळून दीड हजार भरले, पावती खिशात घातली आणि दुपारचं भाडं गाठलं. ट्रॅफिकचा दंड भरावा तसंच वाटलं मला. यालाच गुन्हा कबूल करून शिक्षा होणं म्हणतात, हे कळायला शाळेचा फोन यावा लागला.

बेळगावात चन्नम्मा सर्कलजवळ एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. म्हटलं, सर, अपील करूया. ते म्हणाले, “गुन्हा कबूल केलेल्याला शिक्षा झाली की दोषी ठरवण्यावर अपील चालत नाही, कलम 375. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतंच चालतं.” मग रस्ता राहिला रिव्हिजनचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने तपासून बघण्याचा, सेशन्स कोर्टात, कलम 397 खाली. त्याला मुदत 90 दिवसांची. मला झाले होते दहा महिने. म्हणजे आधी विलंब माफीचा अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र. (ही कलमं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत अपिलाचं 416 आणि रिव्हिजनचं 438 झालंय.)

पण सगळ्यात आधी वकिलांनी माझ्या कबुलीच्या कागदाची कोर्टातून नक्कल काढायला सांगितली. तीन आठवड्यांनी ती हातात आली आणि वकिलांच्या टेबलावर मी ती अक्षर लावत लावत वाचली. तो छापील फॉर्म निघाला. वाक्यं आधीच छापलेली, मला आरोप समजला आहे, मी स्वखुशीने तप्पु ओप्पिकोंडिद्देने (चूक कबूल केली आहे), वगैरे. मोकळ्या जागेत पेनने भरलेलं फक्त माझं नाव, केस नंबर आणि तारीख. खाली माझी मराठीतली सही.

वकिलांनी त्या सहीवर बोट ठेवलं. “252 कलम सांगतं, आरोपीची कबुली होईल तितकी त्याच्याच शब्दांत लिहायची. यात तुझा शब्द कुठला दाखव बघू?” शोधूनही एक सापडेना. ते पुढे म्हणाले, अपघात झाला म्हणणं वेगळं आणि मी बेफिकीरपणे गाडी चालवली म्हणणं वेगळं. कबुली या दुसऱ्या गोष्टीची लागते, तीही स्पष्ट आणि बिनशर्त. हा मुद्दा मला एका झटक्यात पटला, कारण मी ‘हौदु’ म्हणालो होतो तो पहिल्या गोष्टीला.

त्यांनी धोकाही सांगितला. कबुली रद्द झाली म्हणजे सुटका झाली असं नाही. केस पहिल्यापासून चालणार, साक्षी होणार, आणि 279 ला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आई तर चिडलीच. “दीड हजारात मिटलेलं कशाला उकरून काढतोयस?” दोन दिवस मीही गप्प बसलो होतो.

फेब्रुवारीत अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की यानेच सही केली, यानेच दंड भरला, आता नोकरी अडली म्हणून आलाय. शेवटचं खरंच होतं, नाकारू कसं? आमच्या वकिलांनी थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य हा जुना निकाल दाखवला. हलक्या शिक्षेच्या भरवशावर गुन्हा कबूल करायला लावून पुढे शिक्षा वाढवणं राज्यघटनेच्या कलम 21 च्या विरुद्ध आहे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा चालवायला पाठवला होता. माझं प्रकरण तंतोतंत तसं नव्हतं. वजन पडलं ते छापील फॉर्मचंच. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवून घ्यायलाच चार तारखा गेल्या. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून दिल्लीत पडून आहे, त्या मानाने आपलं लवकरच म्हणायचं, असं वकील हसून म्हणायचे.

नोव्हेंबरात आदेश झाला. विलंब माफ, शिक्षा रद्द, आरोप समजावून सांगण्यापासून केस पुन्हा चालवावी.

पुन्हा त्याच कोर्टात उभा राहिलो, या वेळी वकिलांसोबत. मी मराठीत उत्तर देणार म्हणालो. बेंच क्लार्कला मराठी येत होतं, त्याने प्रश्न मराठीत सांगितला. मी म्हणालो, “अपघात झाला. पण मी गाडी सावकाश चालवत होतो, मोटारसायकल आडवी आली. गुन्हा कबूल नाही.” ते कन्नडमध्ये लिहून झाल्यावर सहीआधी एकेक अक्षर लावून वाचलं. मागे रांग खोळंबली होती, क्लार्क दोनदा घड्याळाकडे बघितला.

शाळेची बस दुसराच कोणीतरी चालवतोय. केसच्या तारखा चालू आहेत, जखमी साक्षीदार अजून एकदाही आलेला नाही. आणि दंडाचे दीड हजार परत मिळायला वेगळा अर्ज लागतो म्हणे. तोही दिलाय.