जास्वंदीची चार फुले : छपाई निम्म्यावर

अमेरिकी पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९६४ सालच्या ‘फ्लॉवर्स’ मालिकेचा धडा गिरवत घरच्या घरी स्क्रीन प्रिंट (फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवून काढलेला छाप; प्रत्येक रंगाला वेगळी जाळी) काढण्याचे काम आता निम्म्यावर आले आहे. पाकळ्यांच्या दोन्ही रंगांच्या जाळ्या तयार झाल्या असून मागच्या गवताची काळी जाळी तेवढी उरली आहे.

वॉरहॉलने फुले प्रत्यक्ष पाहून काढली नव्हती. ‘मॉडर्न फोटोग्राफी’ मासिकाच्या जून १९६४ च्या अंकात पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांनी टिपलेले जास्वंदीच्या सात फुलांचे छायाचित्र छापून आले होते. त्यातली चार फुले ठेवून त्याने ती चौरसात बसवली, पाकळ्यांवरच्या छटा काढून टाकल्या आणि सपाट रंग भरला. कॉलफिल्ड यांनी १९६६ साली दावा लावला व प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणून छायाचित्र स्वतःच काढायचे, हे मी सुरुवातीलाच ठरवले होते. जास्वंद दिवसभरातच मिटते, त्यामुळे हे काम सकाळी उरकावे लागते.

त्या काळच्या काही समीक्षकांना ही फुले पॅन्झीची किंवा अ‍ॅनिमोनीची वाटली, याचे मला पूर्वी नवल वाटे. पॉझिटिव्ह, म्हणजे जाळीवर चित्र उतरवण्यासाठीचा पारदर्शक कागदावरचा काळा आकार, तयार करताना कारण उमगले. जास्वंद ओळखू येते ती मधून बाहेर डोकावणाऱ्या दांड्यामुळे: त्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली लाल गोंडे. फूल अगदी समोरून टिपले की हा दांडा आखडून नुसता ठिपका उरतो. शिवाय प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीखाली दबलेली असते. सपाट रंगात ती दुमड नाहीशी होते आणि पाच पाकळ्यांची मिळून एकच बाह्यरेषा उरते. मग सारी भिस्त त्या रेषेवरच्या खाचांवर येते, म्हणून त्या मी बटर पेपरवर हातानेच कापल्या. चारांपैकी एक फूल मुद्दाम तिरके ठेवले आहे, म्हणजे दांडा दिसतो. वॉरहॉलला फुलाची ओळख पुसली गेली तरी चालत होते. ज्या घरांत हे फूल रोज गणपतीला वाहिले जाते, त्यांच्यासाठी छापताना मला ते पटेना.

साहित्याची अडचण पडत नाही, कारण लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांत फ्रेम, इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप), स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) असे सगळे मिळते. कागदासाठी मी ७७ धाग्यांची जाळी घेतली आहे, म्हणजे सेंटिमीटरला ७७ धागे. पाण्यात मिसळणारी शाई कोरड्या हवेत जाळीतच वाळते. प्रत्येक छापानंतर स्क्वीजीने शाईचा हलका थर जाळीवर परत ओढून ठेवला की भोके मोकळी राहतात. फ्रेम आणि कागद यांत दोनतीन मिलिमीटरची फट ठेवली तर स्क्वीजी पुढे सरकताच जाळी मागे सुटते आणि कड स्वच्छ येते.

आता गवत. त्यासाठी दूर्वांचेच छायाचित्र घेतले आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. राखाडी छटा ठिपक्यांत मोडाव्या लागतात, आणि जाळीचे धागे ठिपक्यांच्या ओळींच्या चौपट-पाचपट असावेत असा साधारण हिशोब आहे. माझ्या जाळीला इंचाला सुमारे १९५ धागे पडतात, म्हणजे इंचाला ४० ते ४५ ओळींपलीकडे जाण्यात अर्थ नाही. एवढ्या जाड ठिपक्यांत दूर्वेचे अरुंद पाते तुटक दिसते. त्यामुळे चित्राचा लहान भाग घेऊन तो मोठा करणार आहे. पाती थोडी राहिली तरी चालतील, पण ती सलग हवीत.

काळा थर सर्वांत शेवटी चढेल. तो पाकळ्यांच्या कडेवर मिलिमीटरभर आला तर रंगांमधली पांढरी फट झाकली जाईल, पण मी कापलेल्या खाचा तेवढ्याच बुजतील. म्हणून आधी रद्दी कागदावर दोन्ही प्रकार छापून पाहीन आणि पुढच्या नोंदीत ते शेजारी शेजारी ठेवीन.