तुम्ही विचारलंत म्हणून: हा एडविन कॉलिन्स कोण?

ऑफिसची ट्रिप असो, हळदीच्या रात्री कोणीतरी गिटार बाहेर काढलेली असो नाहीतर नुसतं गाडीत बसलेलो असो, कोणीतरी विचारतंच की तुझा फेवरेट सिंगर कोण, मी म्हणतो एडविन कॉलिन्स, आणि सगळे गप्प. मग मी ‘अ गर्ल लाइक यू’ लावतो, ती फाटक्या आवाजाची गिटार सुरू झाली की निम्मे लोक म्हणतात अरे हे तर ऐकलंय, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, एका गाण्यावर कोणी फेवरेट होतो का राव? इतक्यांदा विचारून झालंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर ते गाणं १९९४ चं, खरं गाजलं १९९५ मध्ये, ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरवर गेलं. तोवर हा माणूस पस्तिशीला आलेला आणि पंधराएक वर्षं याच धंद्यात घासत होता. जन्म १९५९, एडिंबरा, लहानपण डंडीत, मग ग्लासगोजवळचं बेअर्सडन. तिथे शाळकरी पोरांचा बँड, आणि १९७९ मध्ये त्याचं नाव ठेवलं ऑरेंज ज्यूस. म्हणजे बघा, पंकचा जमाना, सगळे कपडे फाडून किंचाळतायत, आणि हे म्हणे संत्र्याचा रस! गाणीही तशीच, लाजरीबुजरी, प्रेमात आपटलेल्या मुलाची, पण त्यावर स्वतःच खवचट हसणारी. एका बाजूला वेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडचा खरखरीतपणा आणि दुसऱ्या बाजूला शीक बँडची नाचवणारी डिस्को गिटार, हे दोन्ही एकत्र कालवायचं असं यांच्या डोक्यात होतं आणि वाजवता धड येत नव्हतं, त्या भांडणातून जे निघालं त्याला पुढे लोक इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांचं संगीत, म्हणायला लागले.

ॲलन हॉर्न नावाच्या मित्राने वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या फ्लॅटमधून पोस्टकार्ड रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, लोगो काय तर ढोल वाजवणारं मांजर, आणि मोटाउन कंपनीची नक्कल करून खाली लिहिलेलं ‘द साउंड ऑफ यंग स्कॉटलंड’. १९८० मध्ये ऑरेंज ज्यूसची पहिली सिंगल तिथूनच आली, साधारण हजार कॉपी. लेबल वर्ष-दीड वर्षात आटपलं, पण बेल अँड सेबॅस्टियन बँड घ्या, फ्रान्झ फर्डिनांड बँड घ्या, नंतरच्या निम्म्या ग्लासगोचा वंशवृक्ष या फ्लॅटपाशी येऊन थांबतो. पुढे ऑरेंज ज्यूस मोठ्या कंपनीकडे गेल्यावर १९८३ मध्ये त्यांचं ‘रिप इट अप’ हे गाणं आठव्या नंबरवर गेलं. त्यात मागे जे रबरासारखं बुळबुळीत बेस वाजतंय ना ते रोलंडच्या टीबी-३०३ मशीनचं, जे ॲसिड हाउस नावाचं नाचायचं संगीत करणाऱ्यांनी काही वर्षांनी डोक्यावर घेतलं. बँड १९८५ मध्ये फुटला आणि मग दहा वर्षं फारसं कोणी विचारलं नाही.

‘अ गर्ल लाइक यू’ची एक गंमत सांगतो आणि ते गाणं बाजूला ठेवतो. २००९ मध्ये त्याने स्वतःच्याच पेजवर हे गाणं लोकांना फुकट ऐकायला ठेवायचं ठरवलं तर साइट म्हणाली, याचे हक्क तुमच्याकडे नाहीत. ते होते त्याच्याचकडे! शेवटी बायकोला भांडत बसावं लागलं.

आता मी त्याच्यापर्यंत कसा पोचलो ते. माझे काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तोंडात एकच वाक्य उरलं, ‘पुढं सरका’. चहा पाहिजे, पुढं सरका. टीव्ही बंद कर, पुढं सरका. आम्हाला हसू यायचं आणि काकूकडे बघितलं की जिरायचं. डॉक्टरांनी अफेजिया हा शब्द सांगितला, म्हणजे अक्कल जागेवर असते, काय बोलायचंय तेही माहीत असतं, पण शब्द सापडत नाही, आणि आयुष्यभर बोलून बोलून गुळगुळीत झालेलं एखादं वाक्य तेवढं आपोआप सुटतं. पण गणपतीत त्याच काकांनी आख्खी आरती म्हटली, डाव्या हाताने मांडीवर ताल धरून, एक शब्द चुकला नाही. आरती संपली, प्रसादाकडे बोट केलं आणि म्हणाले, पुढं सरका.

त्या दिवसांत रात्री यूट्यूबवर अफेजिया शोधत बसायचो, तिथे कॉलिन्स सापडला. मला तोवर तुमच्यासारखंच ते एक गाणं माहीत होतं. फेब्रुवारी २००५ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूत दोनदा रक्तस्राव झाला, डोक्याचं ऑपरेशन, वर इन्फेक्शन, सहाएक महिने हॉस्पिटल. बोलायला लागला तेव्हा त्याच्याकडे चारच गोष्टी होत्या, यस, नो, बायकोचं नाव ग्रेस मॅक्सवेल, आणि ‘द पॉसिबिलिटीज आर एंडलेस’, म्हणजे शक्यतांना अंत नाही. हे शेवटचं ऐकून लोकांना गहिवरून येतं आणि त्याचे प्रेरणादायी फॉरवर्ड होतात, मला ते जाम खटकतं. ‘पुढं सरका’चा कोणी फॉरवर्ड केला नाही.

मी अडकलो ते एका व्हिडिओत. गिटारवाल्यांना सांगायला नको, डाव्या हाताने कॉर्ड धरायची आणि उजव्याने तारा छेडायच्या. त्याचा उजवा गेलेला, डावा शाबूत. तर कॉर्ड तो धरतो आणि शेजारी बसलेली ग्रेस तारा छेडते. दोन माणसांत एक गिटार. मी आणि बायकोने घरी करून पाहिलं, मी जी वरून डी वर पोचायच्या आत तिचा हात पडायचा आणि भद्द आवाज यायचा, पंधरा मिनिटांत भांडण झालं. ग्रेस त्याची मॅनेजरही, आधीपासूनच, त्यामुळे भांडणाची सवय असावी.

उजव्या हाताचा माणूस, पण डाव्या हाताने पक्ष्यांची चित्रं काढायला लागला, लहानपणी पक्ष्यांचं वेड होतंच. पहिलं बदक बघाल तर मुलाने काढल्यासारखं आहे, पुढची बघत जा, मान वळायला लागते, पिसं दिसायला लागतात. २००८ मध्ये लंडनला प्रदर्शन झालं. आणि २०१० मध्ये ‘लूझिंग स्लीप’ अल्बम, ज्यात जॉनी मार, रॉडी फ्रेम, फ्रान्झ फर्डिनांडचा ॲलेक्स कप्रानोस असे सगळे येऊन वाजवून गेले.

माझं मत विचाराल तर इथून पुढचा कॉलिन्स मला जास्त आवडतो, जुन्या फॅन्सना पटणार नाही. आधी तो डिक्शनरी गिळल्यासारखा लिहायचा, प्रत्येक ओळीत कोटी, प्रत्येक भावनेला वर उपरोधाचं झाकण. नंतर झाकणाला लागणारे शब्दच हाताशी राहिले नाहीत. घाबरलोय तर घाबरलोय, झोप येत नाही तर येत नाही, एवढंच.

आता तो स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडे, हेल्म्सडेलला राहतो, लहानपणी सुट्टीत जायचा तिथेच, टेकडीवर स्टुडिओ बांधलाय. २०१९ च्या अल्बमचं नाव ‘बॅडबे’, तिथून जवळच्या एका उजाड गावाचं. मेंढ्यांना चरायला जमीन हवी म्हणून जमीनदारांनी हुसकलेली कुळं त्या कड्यावर येऊन राहिली होती, आणि असं सांगतात की वाऱ्याने समुद्रात उडून जाऊ नयेत म्हणून तिथे पोरांना दोरीने बांधून ठेवायचे. काठी टेकत चालणारा माणूस असल्या गावाचं नाव अल्बमला देतो आणि वर एक शब्द जास्त बोलत नाही. २०२५ मध्येही नवीन अल्बम आला.

मागच्या महिन्यात ताम्हिणीला जाताना गाडीत ‘लूझिंग स्लीप’ लावलं होतं. मागच्या सीटवरून मित्र म्हणाला, आवाज थोडा हलतो ना रे याचा, ते आजारामुळे का? म्हटलं नाही रे, तो १९८० पासूनच हलतोय.