ड्राफ्ट्समन नुसतं उतरवून काढतो का?

ड्राफ्ट्समन, म्हणजे इमारतींचे नकाशे आणि चित्रं काढणारा, नुसतं उतरवून काढतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डिप्लोमाच्या प्रवेशाच्या दिवसांत मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "मॅडम, ड्राफ्ट्समन म्हणजे दुसऱ्याचं डिझाइन नुसतं उतरवून काढायचं ना?" अशा वेळी मी मेरियन माहोनीची गोष्ट सांगते.

शिकागोची ही बाई 1894 मध्ये एमआयटीतून आर्किटेक्चर शिकून बाहेर पडली. 1898 मध्ये इलिनॉयची परवाना परीक्षाही पास झाली. तरी फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकन आर्किटेक्टच्या ऑफिसात तिचं काम मुख्यतः ड्रॉइंग बोर्डावरचं. 1910 मध्ये बर्लिनच्या वासमुथ या प्रकाशकाने राइटच्या कामाचा मोठा चित्रसंग्रह छापला आणि युरोपातल्या तरुण आर्किटेक्टना राइट कळला तो या पानांवरून. घरं अमेरिकेत, बघायला कोण जातंय! त्यातली जवळपास निम्मी चित्रं माहोनीच्या हातची, असं अभ्यासक मानतात.

डीरोड्स यांच्या घराचं 1906 चं चित्र जरूर शोधून बघा. सरळ, आडव्या रेघांचं घर आणि त्याच्याभोवती जपानी छापचित्रांच्या वळणाची फुलं-पानं. छत कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं, हे ठरवणारा हात नुसतं उतरवून काढणाऱ्याचा नाही. त्या चित्रावर राइटने स्वतः लिहून ठेवलंय की हे माहोनीने काढलं, राइट आणि जपानी छापचित्रकार हिरोशिगे यांच्यावरून. श्रेय दिलं म्हणायचं की काढून घेतलं, तुम्हीच ठरवा.

1911 मध्ये तिने आर्किटेक्ट वॉल्टर बर्ली ग्रिफिनशी लग्न केलं. ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या आराखड्यासाठी तेव्हा स्पर्धा जाहीर झाली होती. दोघांनीही ती जागा पाहिलेली नव्हती. हाताशी होते जमिनीचे चढ-उतार दाखवणारे समोच्च रेषांचे नकाशे आणि तिथल्या देखाव्याची चित्रं. तेवढ्यावर तिने तिथल्या माउंट एन्सली या डोंगराच्या माथ्यावरून अख्खं शहर कसं दिसेल ते कापडावर रंगवलं. 137 प्रवेशिकांतून 1912 मध्ये निवड झाली ती यांची, म्हणजे कागदोपत्री वॉल्टरची. तेच आजचं कॅनबेरा.

पुढे वॉल्टरला लखनौमध्ये कामं मिळाली. 1936 मध्ये तीही तिथे आली आणि पुन्हा बोर्डावर बसली. 1937 च्या फेब्रुवारीत तो लखनौलाच वारला. मागची आवराआवर करून ती परतली. म्हातारपणी हजारावर पानांच्या आठवणी लिहिल्या, पण तिच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. राइटवरचा राग त्यात तिने अजिबात लपवलेला नाही.