कोयनेच्या पाण्यामागून चिपळूणपर्यंत

कराडहून पाटणमार्गे कोयनानगरला मी यापूर्वी अनेकदा गेलो आहे. पण या खेपेस धरण पाहून मागे फिरायचे नाही, तर तिथे अडलेले पाणी पुढे जिथवर जाते तिथवर त्याच्यामागून जायचे, असे ठरवूनच मी फेब्रुवारीत घर सोडले. सोबत मामा होते. पाटबंधाऱ्यांच्या सर्वेक्षणात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि नकाशा उलगडल्यावाचून ते कुठल्याही नदीविषयी बोलत नाहीत. हेळवाकला चहासाठी थांबलो, तेव्हा त्यांनी कपबशा बाजूला सारून नकाशा पसरला आणि म्हणाले, "नदी नंतर बघ. आधी कडा बघ."

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सुमारे ६५ किलोमीटर सह्याद्रीच्या माथ्याला लागून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्री कोकणात उभा तुटलेला आहे. नदीच्या मूळ वाटेने गेल्यास पाण्याला जी उंची कधीच एका ठिकाणी मिळाली नसती, ती डोंगर पोखरून पाणी पश्चिमेला काढल्यास एका उडीत मिळते, आणि ही उडी आहे सुमारे ४७५ मीटरची. वीज किती मिळणार हे पाणी किती आणि ते किती उंचावरून पडते यावर ठरत असल्याने, इथे निम्मे काम डोंगरानेच करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांनाही या खोऱ्याने खुणावले होते, पण ते राहून गेले. प्रत्यक्ष बांधकाम स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात सुरू झाले.

धरण आम्ही समोरच्या नेहरू उद्यानातून पाहिले. उंची १०३ मीटर, लांबी ८०७ मीटर, मध्यभागी सांडव्याचे सहा वक्र दरवाजे. पावसाळ्यात हे दरवाजे किती फूट उचलले, याची बातमी सांगलीकर श्वास रोखून वाचतात. ही भिंत निव्वळ काँक्रीटची नाही, काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून ती उभी केलेली आहे. मामांनी मला भिंतीच्या मागच्या, म्हणजे जलाशयाच्या विरुद्ध बाजूला लावलेले जाड आधार दाखवले. ते मूळ आराखड्यात नव्हते. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असेच तेव्हा मानले जात असल्याने आराखड्यात भूकंपाचा भार अगदी थोडा धरलेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, घरे भुईसपाट झाली आणि भिंतीचा मागचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले. नंतर भिंतीला मागून टेकू देऊन ती जाड करण्यात आली. जलाशयाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध जगभरच्या अभ्यासकांना इथेच ठळकपणे दिसला, आणि त्यासाठी या भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास झाला आहे. जमिनीच्या पोटातले काही अंदाज आधी बांधता येत नाहीत, हे मला मान्य आहे.

माणसांचा अंदाज मात्र बांधता येत होता. धरणामागच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतले लोक सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड, ठाण्यापर्यंत पांगले. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेच्या विजेवर दिवे लागून एक तप उलटल्यानंतर. त्या लोकांची तिसरी पिढी आजही जमिनीच्या मागणीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसते. बोगद्याचा उतार मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्यांना सातबाऱ्याचा हिशेब का जमू नये, हा प्रश्न मी मामांना विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या नकाशावर घरं होती. माणसं नव्हती."

कुंभार्ली घाट उतरताना पाणी आपल्या शेजारून, डोंगराच्या पोटातून खाली येत असते, आणि रस्त्यावरून त्याचा मागमूसही लागत नाही. पोफळीला कोयना वीज प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह भूगर्भात आहे. तिथे आणि चौथ्या टप्प्यात वापरून झालेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवतात आणि आणखी एकदा खाली सोडून तिसऱ्या टप्प्यात त्याची वीज करतात. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहासह सगळे मिळून १,९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला भोक पाडले गेले, ही गोष्ट मामा आजही उभे राहून सांगतात. बोगदा खालच्या बाजूने खोदत तळाच्या अगदी जवळ नेला, मधे खडकाचे बूच तेवढे राखले आणि १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगाने ते उडवले. आशियातले ते पहिले 'लेक टॅपिंग'. उन्हाळ्यात पातळी उतरल्यावरही पाणी घेता यावे म्हणून २०१२ मध्ये आणखी खालच्या पातळीवर तसेच दुसरे केले.

पश्चिमेला हवे तेवढे पाणी वळवता येत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (म्हणजे तितक्या अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा दुष्काळी वर्षी वीज आधी की पूर्वेकडची शेती आधी, हा वाद पेटतोच. धरणात १०५ टीएमसी साठा होतो, यावरून या वाटणीचे वजन लक्षात यावे. मला विचाराल तर टंचाईच्या वर्षी प्यायचे आणि शेतीचे पाणी आधी; विजेला दुसरे मार्ग आहेत.

संध्याकाळी चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी पोहोचलो. वीजगृहातून सुटलेले हे अवजल पुढे दाभोळच्या खाडीत जाते. कृष्णेचे, म्हणजे बंगालच्या उपसागराचे पाणी इथे अरबी समुद्राला मिळते. पायऱ्यांवर एक बाई कपडे धूत होत्या. त्यांच्या शेजारच्या दगडावर पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत ओली, अजून न सुकलेली कड होती. मामांनी विचारले, "पाणी आत्ताच उतरलं का हो, ताई?" त्यांनी घाटाच्या दिशेला मान करून सांगितले, "वर मशीन बंद केली असतील. रात्री दिवे लागले की येतं परत."

आम्ही तिथेच बसून राहिलो. सातच्या सुमारास पाणी त्या कडेपर्यंत चढले.